शेंडा माझ्या पानात

नाही, पण मी म्हणतो, माझ्याच पानात का? अख्ख्या गल्लीत दुसरं पान नव्हतं? गल्लीप्रमुख पाक जोयोंच्या पुढ्यात पान होतं, मशिदीतल्या मोदिनसाहेबांच्या पुढ्यात पान होतं, त्या डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात तर चांगलं दुहेरी पान, पाहुण्या ना त्या... आणि भाताच्या डोंगराचा शेंडा कुणाला? तर कार्सोनो न्हाव्याला! ...मान खाली घ्या. आणखी. हं, तशीच ठेवा. घाबरू नका हो, वस्तरा नाही थरथरत, मी थरथरतोय. वस्तरा बिचारा माझ्या हातात आहे म्हणून माझ्याबरोबर हलतो, एवढंच. आजवर कुणाचा कान कापला नाही मी. म्हणजे एकदा थोडासा. पण तो कान मुळातच फार बाहेर आलेला होता.

तुम्ही नदीपलीकडचे, म्हणून सांगतो. तुमच्या गल्लीतही येणार आहेत ना ते लसवाले? मग ऐकाच. आणि बाकावरच्या मंडळींनो, तुम्हीही ऐका, पेपर ठेवा खाली, निवडणूक होऊन गेलीय त्यातली. ऐका आणि एकच गोष्ट लक्षात ठेवा... जेवणाच्या वेळी कुणी काही वाढायला आलं, तर आधी विचारायचं, हे काय आहे आणि याच्या बदल्यात काय करायचंय? मी विचारलं नाही. भूक लागली होती.

आता मूळ गोष्ट. मला सुईची भीती वाटते. वाटते म्हणजे काय, बायको शर्टाला बटण लावायला बसली की मी अंगणात जाऊन उभा राहतो. त्यावरून दर्मी, म्हणजे माझी बायको, गल्लीभर सांगत सुटते, 'दिवसभर हातात वस्तरा, आणि सुई बघितली की यांची बोबडी वळते!' अगं, वस्तऱ्याची धार दुसऱ्याकडे असते, सुईचं टोक आपल्याकडे! एवढा साधा फरक कळू नये माणसाला? ...तुम्ही हसू नका, मान हलते.

तर एक दिवस मी इथंच उभा, आणि दारात कोण? बू तिनुक! तुमच्याकडेही असेल की अशी एखादी. आमच्या गल्लीची आरोग्यसेविका. पगार नाही, काही नाही, नुसता दरारा. बाळांची वजनं करते, पोटुशा बायकांना दटावते, डासांच्या अळ्या शोधायला कुणाच्याही न्हाणीघरात शिरते, आत कुणी असलं तरी. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'पाक कार्सोनो, तुम्हाला समितीत घेतलंय.' घेतलंय! घेऊ का, असं नाही... घेतलंय! म्हटलं, कसली समिती? तर म्हणते, 'टीबीची नवी लस येतेय. अजून चाचणीतली आहे. डॉक्टर मंडळी म्हणतात, आधी वस्तीशी बोलायचं, वस्तीचीच माणसं समितीत घ्यायची, लोकांच्या मनातल्या शंका त्यांनी आमच्याकडे आणायच्या आणि आमची उत्तरं लोकांकडे न्यायची. तुमच्या खुर्चीत सगळी गल्ली मान खाली घालून बसते. तुमच्याइतक्या शंका दुसऱ्या कुणाच्या कानावर पडतात?' मी नाहीच म्हणणार होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण बू तिनुककडे बघत नाही म्हणायला निघालो आणि तोंडातून बाहेर काय पडलं? 'बरं.'

झालं! सभामंडपात बैठक. केळ्याची भजी, गोड चहा, आणि समोर डॉक्टर आयुन्दा. राजधानीकडची बाई, तरुण, आणि आवाज असा मऊ की भीतीच वाटावी. तुम्हाला सांगतो, ओरडणारा डॉक्टर परवडला, निदान पळायचं कधी ते कळतं. ही आपली हळू आवाजात, 'पाक कार्सोनो, लोक काय विचारतात?' आता लोक काय विचारतात? लोक विचारतात, कोंबड्यांच्या झुंजीत कोण जिंकलं! लोक विचारतात, पाक जोयो डोक्याला काळं लावतात का! टीबीबद्दल कोण बोलतो? तो शब्द निघाला की माणसं थंडीतापाचं बोलायला लागतात. पण समितीत बसलोय म्हटल्यावर काहीतरी बोलायला हवं, म्हणून म्हटलं, 'लोक विचारतात, सुई केवढी असते?' तिनं लिहून घेतलं. अहो, लिहून घेतलं! मला चेव आला. 'लोक विचारतात, फार दुखतं का? लोक विचारतात, घेताना डोळे मिटले तर चालतं का? लोक विचारतात, कुणी बेशुद्ध पडलं तर त्याच्या डोक्याखाली उशी देता का?' डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'हे सगळं किती लोक विचारतात?' म्हटलं, 'पुष्कळ!' आणि मागून बू तिनुकचा आवाज, 'एकच आहे, पण तो दिवसातून पुष्कळ वेळा विचारतो.'

मोदिनसाहेबांनी विचारलं होतं, लस हलाल आहे का? तेवढी एक शंका खरीखुरी दुसऱ्याची होती. बाकी सगळ्या माझ्या.

पण खरा बॉम्ब पुढेच. बाई म्हणतात, 'निम्म्या लोकांना लस मिळेल आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. म्हणजे मग दोघांत फरक पडतो का ते बघता येईल.' म्हटलं, ठीक आहे, लस कुणाला आणि पाणी कुणाला ते तुम्ही ठरवणार ना? तर म्हणतात, नाही. म्हटलं, मग नर्स ठरवणार? नाही. मग ठरवणार कोण? तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं आपोआप ठरतं म्हणे. म्हटलं, पण टोचताना तरी कळेल ना तुम्हाला? तर ती बाई, एवढं शिकलेली बाई, हसून म्हणते, 'नाही ना! मलाही कळणार नाही, आणि तेच चांगलं!'

चांगलं? मी तुम्हाला विचारतो, मी तुमच्या गळ्याशी वस्तरा धरला आणि म्हटलं, हा धारेचा आहे की बोथट मला माहीत नाही आणि तेच चांगलं, तर तुम्ही या खुर्चीत बसाल? ...बसा, बसा, उठू नका, मी उदाहरण देतोय. बाईंनी समजावलं, नाही असं नाही. 'आम्हाला कळलं तर आमचं मन एका बाजूला झुकेल, लस मिळालेला जरा खोकला तर आम्ही म्हणू सर्दी, पाणी मिळालेला खोकला तर म्हणू टीबी. म्हणून कुणालाच कळू द्यायचं नाही. चाचणी संपेपर्यंत. काही वर्षं.' काही वर्षं! मला त्यातलं पटलं सगळं. पण पटलं म्हणून भीती जाते का? दोन वेगवेगळी खाती आहेत ती. डोकं म्हणत होतं बरोबर आहे, आणि घशाला कोरड पडली होती ती पडलीच होती.

मग मी एक युक्ती केली. हो, युक्ती! माझी! दुसऱ्या कुणाला दोष देणार? म्हटलं, हे प्रकरण लांबवायला हवं. उठलो आणि मोठ्या आवाजात म्हटलं, 'आमच्या गल्लीत कुठलंही नवीन काम स्लामतान झाल्याशिवाय सुरू होत नाही! सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना, मग जेवण, तुंपेंग हवा, म्हणजे पिवळ्या भाताचा अख्खा डोंगर, सभोवती सात तऱ्हेच्या भाज्या-अंडी-कोंबडी हवी, त्याशिवाय एकही सुई या गल्लीत यायची नाही!' मला वाटलं, शहरातली माणसं, वैतागतील, म्हणतील कुठलं तुमचं जेवण, निघतील. तर बाईंचे डोळे चमकले! 'किती छान! आमच्या लक्षातच आलं नव्हतं. कधी करायचं?' आणि सगळी गल्ली माझ्याकडे कौतुकानं बघतेय, हा कार्सोनो बघा, रीतभात फक्त यालाच आठवते! दर्मी सुद्धा बघत होती. लग्नानंतर पहिल्यांदा.

आता शेंड्याची गोष्ट. तुमच्याकडे शेंडा कुणाला देतात? वडीलधाऱ्याला, मानकऱ्याला, बरोबर? आमच्याकडेही देतात. पण आमच्या गल्लीची त्याला एक शेपटी आहे. ज्यानं शेंडा खाल्ला, त्यानं ते काम पहिल्यांदा करायचं. नदीवर बांबूचा पूल झाला तेव्हा पाक जोयोंच्या वडिलांनी शेंडा खाल्ला, आणि पहिले तेच चालले पुलावरून. पूल टिकला, त्यांचे गुडघे नाही टिकले. गल्लीत सार्वजनिक संडास झाला तेव्हा मोदिनसाहेबांच्या सासऱ्यांनी शेंडा खाल्ला... आता काय सांगू तुम्हाला! अख्खी गल्ली बाहेर उभी. पोरंटोरं, बायका, झेंडे. आत म्हातारा एकटा. बाहेरून पाक जोयो विचारतात, 'झालं का?' आतून आवाज येतो, 'एवढे लोक असल्यावर कसं होईल?' दुपार झाली. पण झालं तेव्हा टाळ्या पडल्या हो, अशा टाळ्या लग्नात पडत नाहीत!

तर असा हा शेंडा. मला ठाऊक होतं सगळं. आणि मी निर्धास्त होतो, कारण शेंडा पाक जोयो खाणार किंवा डॉक्टरीणबाई खाणार, लस त्यांचीच आहे, टोचून घेऊ देत त्यांनाच! सतरंजीवर बसलो, प्रार्थना झाली, मधोमध तो पिवळाधमक डोंगर, वर लाल मिरचीचं फूल खोवलेलं, खोबऱ्याचा वास, तळलेल्या कोंबडीचा वास, आणि मी सकाळपासून उपाशी, भीतीनं काही उतरलंच नव्हतं. पाक जोयोंनी शेंडा कापला, पानावर घेतला, दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे केला. आणि बाईंना काय सुचलं? मऊ आवाजात म्हणाल्या, 'मी पाहुणी. हा मान ज्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले त्यांचा.'

शेंडा माझ्या पानात!

आणि मी तो खाल्ला हो! विचार करायच्या आधी खाल्ला! मिरचीसकट! तोंडात घास, आणि बघतो तर सतरंजीवर सामसूम. एकाचाही हात भाताला नाही. सगळे माझ्याकडे बघतायत, जसे संडासाबाहेर उभे राहून बघत होते तसे. मोदिनसाहेबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला घेतलं. माझ्या पाचावर धारण बसली. गिळवेना, थुंकवेना. आणि बू तिनुक, पंखा हलवत, शांतपणे, 'शाब्बास, पाक कार्सोनो.'

पण थांबा, देव आहे! मी घास गिळला आणि विचारलं, 'बाई, ही लस कुठल्या वयापर्यंत देताय?' बाईंनी वय सांगितलं. मी त्याच्या कधीच पुढे गेलोय! तुम्हाला सांगतो, या पांढऱ्या केसांचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. मी उभा राहिलो, अगदी जड आवाजात म्हटलं, 'फार वाईट वाटतं मंडळी, माझी फार इच्छा होती, पण विज्ञानापुढे आपलं काय चालणार...' आणि बसणार एवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. 'बापाक, मी जाते.'

माझी लारास. कॉलेजात जाणारी माझी एकुलती एक पोर.

हात थांबला का माझा? थांबू द्या जरा. ...हं. काय सांगत होतो? हो. तिथं माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःसाठी भ्यायलो होतो ना, तो नुसता खेळ होता हो, ते मला तिथं कळलं. दर्मी तिचा हात धरून खाली ओढतेय, कुणीतरी म्हणतंय 'शेंडा घरात खाल्ला, घर पहिलं, बरोबरच आहे', आणि मग ती मऊ आवाजाची बाई उठली आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. 'नाही. भातावरून मी कुणालाही घेणार नाही. शेंडा खाल्ला म्हणून नाही, बाप समितीत आहे म्हणून नाही. जिला यायचंय तिनं घरी जाऊन विचार करावा, सगळं समजून घ्यावं, आणि एकटीनं येऊन मला सांगावं. नाही आली तरी मी हिच्या घरचा चहा पिईन.' मी म्हटलं, बाई, जिंकलंत! मनात म्हटलं. मला वाटलं, सुटलो.

घरी आल्यावर लारासला म्हटलं, ऐकलंस ना? भाताचा काही संबंध नाही. तर पोरगी म्हणते, 'माझाही भाताशी काही संबंध नाही, बापाक. मी आधीच ठरवलं होतं. तुमच्या खुर्चीत रोज माणसं येतात, तुमच्या तोंडावर खोकतात, तुम्ही त्यांच्या नाकाशी नाक लावून मिशा कापता. मी संध्याकाळी दुकानात केस झाडते. आपल्या घरापेक्षा जास्त कुणाला ही लस हवी?' न्हाव्याच्या पोरीला शिकवू नये हो. वस्तऱ्यापेक्षा बोलणं धारदार होतं.

आठवड्यानं गेली ती. एकटी. सांगून आली. मग मी काय केलं? आमच्या आजोबांच्या थडग्यापाशी गेलो, फुलं वाहिली, आणि नवस केला, 'देवा, तिच्या दंडात मिठाचं पाणीच जाऊ दे. लस दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे, ती नवी आहे, तिचा अजून कुणाला भरवसा नाही. पाणी मिळालं तर एक कोंबडा देईन.' आणि बाजारातून कोंबडा आणून बांधलासुद्धा, म्हणजे देवाला दिसावं माझी तयारी आहे.

टोचायच्या दिवशी मी बरोबर गेलो. बापानं जायला नको? लारासनं बाही वर केली, नर्सनं ते काढलं, काय काढलं ते मी बघितलंच नाही, मी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे बघत होतो, आणि ते फुप्फुस हळूहळू वर जायला लागलं. वर, वर... मग म्हणे मी खाली आलो होतो. जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी! बाईंनी खरंच ठेवली होती हो. माझ्या शंकेवरून. लारास हात धरून बसली होती आणि म्हणत होती, 'झालं, बापाक, झालं, तुम्हाला फार दुखलं नाही ना?'

रात्री तिला कणकण आली. मी धावत बू तिनुककडे, ताप! म्हणजे लसच आहे! माझं पाणी गेलं! बू तिनुकनं बाईंना फोन लावला, बाई म्हणाल्या, 'मिठाच्या पाण्यानंही एखाद्याला कणकण येते, सकाळी मी येऊन बघते.' म्हणजे ताप आला तरी कळत नाही, नाही आला तरी कळत नाही! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! सकाळी बाई आल्या, पोरगी ठणठणीत, नाश्ता करत बसलेली. मीच तेवढा पांघरुणात. काय करणार? शेंडा माझ्या पानात!

इथवर हसलात ना? हसा. मीही सांगताना हसतोच. पण पुढचं ऐका.

गिमान माहीत आहे ना तुम्हाला? बक्सोची गाडी ढकलतो तो, मांसाच्या गोळ्यांचं सूप, वाडग्यावर चमचा आपटत येतो, टोक टोक टोक. नदीपलीकडेही येतो तो. माझा जुना मित्र. गाडी दाराशी लावून रोज संध्याकाळी याच खुर्चीत टेकायचा, दाढी असो नसो. आणि खोकायचा. कित्येक महिने. मी म्हणायचो, धूर आहे तुझ्या चुलीचा, तो म्हणायचा, हो, धूर. लारास त्याला आल्याचा चहा करून द्यायची, समोर बसून त्याच्या गप्पा ऐकायची, लहानपणापासून काका तो तिचा. बू तिनुकनं एकदा त्याचा खोकला ऐकला, धरला दंडाला आणि नेला तपासायला.

टीबी.

तुम्हाला सांगतो, माझ्या काळजाचं पाणी झालं. या खुर्चीत! या बाकावर! आणि माझी पोर इथं रोज समोर बसलेली! मी दुकानाचं दार लावून आत बसलो आणि एकच विचार... मी काय मागितलं होतं देवाकडे? पाणी! मी माझ्या तोंडानं मागितलं होतं, पोरीला पाणी मिळू दे! अहो, कोंबडा बांधून मागितलं होतं! तडक उठलो, आजोबांच्या थडग्याशी गेलो, म्हटलं, देवा, ते मागचं विसर! चूक झाली! लस दे, लसच दे, दिलेली असू दे, दोन कोंबडे देतो! येताना आणखी दोन कोंबडे घेऊन आलो. मोदिनसाहेबांना विचारलं, केलेला नवस मागे घेता येतो का? ते म्हणाले, 'कार्सोनो, सुई टोचून झालीय. जे गेलंय ते गेलंय. तू आता देवाला नाही, स्वतःला समजाव.' मला राग आला. समजूतदार असतो तर न्हावी झालो असतो का?

आम्हा तिघांची तपासणी झाली, छातीचे फोटो झाले. स्वच्छ. सध्या स्वच्छ, असं बाई म्हणाल्या. सध्या! डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द कुणी घातला हो?

आणि गल्ली काय म्हणाली असेल? लस आली आणि टीबी घेऊन आली! गिमानला तर लस टोचलेलीच नाही, माझ्याहून मोठा आहे तो वयानं, पण ऐकतो कोण? नावं दिलेली पोरं मागे फिरायला लागली. समिती बसली, सगळे माना खाली घालून, जसे काही माझ्याच दुकानात बसलेत. आता बोलणार कोण? गिमानचं नाव घ्यायचं नाही, बू तिनुकनं दम भरलेला, ज्याचा आजार त्यानं सांगायचा. आणि दारातून गिमानच आत आला. तोंडाला मास्क. म्हणाला, 'माझं नाव मीच सांगतो. हा रोग माझ्यात लशीच्या आधीपासून होता. लस आली म्हणून तिनुकबाई खोकल्याकडे कान देऊन फिरत होत्या, म्हणून मी सापडलो, नाहीतर मेलो असतो आणि तुमच्या वाडग्यातच खोकत मेलो असतो.' आणि मग हसला. 'आता सूप कुणी घेणार नाही, ठाऊक आहे मला.' मला बोलायचं होतं. नाही बोललो. भ्यायलो.

पोरं परतली चाचणीत, बरीचशी. पण गिमानची गाडी कुणी थांबवेना. महिने गेले. गोळ्या चालू, बू तिनुक समोर उभी राहून गिळायला लावते. बाईंनी समितीत सांगितलं, त्याच्या थुंकीत आता काही नाही, जवळ बसलात तरी भीती नाही. माझ्या डोक्याला पटलं. घशाचं तुम्हाला सांगितलंच आहे.

परवा मी लारासला विचारलं. विचारू नये ते विचारलं. म्हटलं, पोरी, तुझ्यात जर नुसतं पाणी असलं तर? ती केस झाडत होती. म्हणाली, 'कुणाच्या तरी दंडात पाणी जायलाच हवं होतं, बापाक. नाहीतर लस चालते की नाही ते कळणार कसं? ज्यांच्यात पाणी आहे, त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे.' म्हटलं, बरोबर आहे गं, पण ते कुणाच्या तरी म्हणजे... ती म्हणाली, 'ते सगळे कुणाच्या तरी घरचेच आहेत की.'

तर असं आहे. तीन कोंबडे परसात. कुठला नवस फळला ते कळायला काही वर्षं. तोवर कापता येत नाहीत, विकता येत नाहीत, पहाटे तिघं मिळून आरवतात आणि मी उठून पहिलं काय ऐकतो? आरवणं नाही. आतल्या खोलीत कुणी खोकतंय का ते ऐकतो. रोज. मग चहा.

...झालं तुमचं. बघा आरशात. कान? दोन्ही आहेत की, मोजा. पावडर लावू? ...थांबा. ऐकू आलं? टोक टोक टोक. गिमान. आज मीच बोलावलंय त्याला. केस बघा किती वाढलेत त्याचे, गल्लीत कुणी हात लावत नाही डोक्याला. ...तुम्ही कुठं निघालात? आणि तुम्ही? तुमचा नंबर होता ना आधी? बरं. नंतर. कळलं. या. ...गेले. बाक रिकामा. नाही, एक जण राहिलाय. पेपर उलटा धरलाय त्यानं, पण बसलाय!

ये गिमान, बस. लारास, काकाला आल्याचा चहा टाक गं. मान खाली घे. आणखी. हं. घाबरू नकोस रे, वस्तरा नाही थरथरत, मी थरथरतोय. कुणीतरी पहिल्यांदा करायला हवं ना? आणि शेंडा कुणाच्या पानात होता?